बारा ओळींचं टिपण

"एकोणीस ओळी? माझ्या बारात बसल्या असत्या," टिपणबाई म्हणाल्या, पण नव्याने आलेल्या मुलीकडे न बघता.

इस्पितळाच्या त्या खोलीत बसून जाडजूड फायली अर्ध्या पानात आणायच्या, हे बावीस वर्षं त्यांचं काम. म्हणून तर टिपणबाई. मोठे डॉक्टर त्यांचं टिपण वाचूनच राउंडला निघत. आता ते टिपण आधी संगणकातल्या एआय मॉडेलला जायचं आणि ते मॉडेल औषधं सुचवायचं. अख्खी फाईल दिली तर ते मधलंच काहीतरी विसरायचं, म्हणून थोडक्यात पण मुद्द्याचं काही न सोडता लिहायला ही नवी आणली होती. कालची पोर. आणि तीन आठवडे झाले, डॉक्टर उठसूट तिचीच टिपणं सगळ्यांना दाखवत होते. बाईंच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि त्यावर त्या इस्पितळात औषध नव्हतं.

त्या दिवशी नवी जेवायला गेली तशी बाईंनी तिच्या वाटणीची एक फाईल ओढली. शब्दन् शब्द तोलून बारा ओळी केल्या, मॉडेलला दिल्या आणि उत्तरासकट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आल्या. नाव मुद्दाम घातलं नाही. डॉक्टर खूश होऊन विचारतील, कुणी केलं हे, मग सांगायचं.

तासाभराने दोघींना बोलावणं आलं.

"कुणी केलं हे?" डॉक्टरांनी विचारलं, पण आवाज वेगळाच होता.

समोर फाईल होती, लाल कव्हरची. रोग्याला एखादं औषध सोसत नसलं की कव्हर लाल, ही तिथली जुनी रीत. कव्हर डॉक्टरांना दिसायचंच, म्हणून बाईंनी ती गोष्ट टिपणात कधी लिहिलीच नव्हती. मॉडेलला कव्हर कुठून दिसणार? त्याने नेमकं तेच औषध सुचवलं होतं. डॉक्टरांच्या वेळीच ध्यानात आलं म्हणून निभावलं.

नवीने कागद बघितला, मग बाईंकडे बघितलं.

"दोघींनी मिळून केलं, सर. चुकलं आमचं."

ते 'आमचं' बाईंना मिरचीसारखं झोंबलं.

"हिचा काही संबंध नाही. माझं आहे ते. एकटीचं."

चुकीतसुद्धा त्यांना त्या पोरीची भागीदारी नको होती.

बाहेर पडताना नवीने त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ती गेली आणि दार मिटलं. मग त्यांनी ते स्वतःच्या हाताने उघडलं.