ट्यूबची काळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. पाठीवर पांढऱ्या रंगाने सातचा आकडा काढलेला आहे, म्हणून सगळे मला 'सात नंबर' म्हणतात. कैद्याला हाक मारल्यासारखे वाटते, पण आता सवय झाली.

कारखान्यात पितळ, लोखंड आणि काच जुळवून मला घडवले. इथे आलो तेव्हा मी नवाकोरा होतो. अकरावीच्या मुलांची माझ्याभोवती झुंबड उडायची. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतल्या पेशी, डबक्यातल्या पाण्याचा थेंब, काय काय दाखवले मी त्यांना! पहिली पेशी दिसली की प्रत्येकाच्या तोंडून 'आईशप्पथ!' निघतेच. ते ऐकायला मला आजही आवडते.

मग वय झाले. माझा मोठा स्क्रू झिजला आणि नळी स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली घसरू लागली. जरा वेळ गेला की चित्र धूसर. मुले 'सात नंबर नको' म्हणून भांडायची. मला फार वाईट वाटायचे, पण स्वतःची नळी स्वतः कशी धरणार?

उपाय काढला तो प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांनी. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी माझ्या स्क्रूभोवती आवळली. दिसायला अगदीच गबाळे, पण नळी जागची हलेना. ही युक्ती दोघांनाच ठाऊक होती. एक काका आणि दुसरी जाड चष्म्याची एक मुलगी. तिला काका लाडाने ढापणी म्हणत. वर्ग सुटला तरी ती चष्मा बाजूला ठेवून माझ्यावर वाकलेली असायची.

"ए ढापणे, घरी जायचं नाही का?"

"पाचच मिनिटं, काका. एवढी एक पेशी काढते."

"मघाशीही पाचच म्हणाली होतीस!"

जीवशास्त्राच्या मॅडमची शिस्त कडक होती. "पुस्तकातलं चित्र उतरवायचं नाही. दिसेल तेच काढायचं," त्या बजावायच्या. ढापणीने ते मनावर घेतले होते. तिला पुढे जीवशास्त्रच शिकायचे होते, दुसरे काही नाही. पण आम्ही सूक्ष्मदर्शक दहाच, म्हणून बारावीला या विषयाच्या जागा वीसच. कोणाला घ्यायचे ते प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणांवर ठरणार होते.

परीक्षेच्या आधीच काका निवृत्त झाले. परीक्षेच्या सकाळी मॅडम आम्हाला पुसत होत्या. माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे काय गुंडाळलंय? बाहेरचे परीक्षक काय म्हणतील?" त्यांनी पट्टी कापून कचऱ्यात टाकली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी चकचकीत झालो आणि तिथेच घात झाला.

माझ्याखाली कांद्याच्या मुळाची काचपट्टी लावली होती. प्रत्येकाने मिनिटभर पाहायचे, पेशी विभाजनाच्या कोणत्या अवस्थेत आहे ते लिहायचे, घंटा वाजली की पुढे सरकायचे. स्क्रूला हात लावायचा नाही. पहिल्या मुलांना स्वच्छ दिसले. पण मी घसरत होतो. मी जीव खाऊन थांबायला बघत होतो आणि थांबता येत नव्हते.

ढापणीची पाळी आली तेव्हा नुसते धुके उरले होते. तिला काय झाले ते लगेच कळले. तिचा हात स्क्रूपर्यंत आला आणि मागे गेला. ती परीक्षकांकडे वळली.

"सर, हा खाली घसरतो. एकदा वर घेऊ का?"

"हात लावायचा नाही. बाकीच्यांना दिसलं ना?"

"पण सर..."

"जे दिसतंय ते लिही. वेळ जातोय."

बाकीच्यांना कसे दिसले? पहिल्या मुलांनी व्हरांड्यात 'सात नंबरला मध्यावस्था' असे केव्हाच पसरवले होते. ढापणीच्याही कानावर ते आले होते. तरी तिने कागदावर लिहिले, 'काही दिसत नाही.' घंटा वाजली.

नंतर तिने मॅडमना सगळे सांगितले. मॅडम ओशाळल्या, परीक्षकांकडे धावल्याही. पण गुण पाठवून झाले होते. यादी लागली, त्यात तिचे नाव एकविसावे होते.

आपली वही न्यायला ती शेवटची आली, तेव्हा दप्तरातून तिने ट्यूबची नवी पट्टी काढली आणि माझ्या स्क्रूभोवती घट्ट बांधली. काचपट्टी लावून बराच वेळ पाहिले. पेशीच्या मधोमध गुणसूत्रे ओळीत उभी होती.

"मध्यावस्था," ती हळूच म्हणाली. मग चष्मा घालून निघून गेली.

आता मुले 'सात नंबर मला' म्हणून भांडतात. त्या कौतुकाने मला काहीच वाटत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला काही बांधलेले दिसले, तर ते कापण्याआधी कोणी आणि का बांधले एवढे विचारा. मला तोंड नाही, मी सांगू शकत नव्हतो. तिला होते आणि तिने सांगितलेही होते. फक्त कोणी वाकून पाहिले नाही.