सतरा नंबरचं ‘राहू दे’

कंपनीत नियोजन विभाग होता आणि नियोजन विभागात मास्तर होते. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं; पण पुढच्या दहा वर्षांत कंपनी कोणकोणतं संशोधन करणार याचा तक्ता ते पट्टी धरून आखायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. दहा वर्षांपुढचं त्यांना स्वच्छ दिसे. येता मंगळवार मात्र दिसत नव्हता.

मंगळवारी नव्या संशोधनप्रमुख मॅडम लांब पल्ल्याच्या प्रत्येक प्रकल्पाची मूळ मंजुरी बघणार होत्या. मंजुरी नसेल तर प्रकल्प महिनाअखेर बंद. बावीस प्रकल्पांचे कागद मास्तरांनी तासाभरात काढले. सतरा नंबरचा काही केल्या सापडेना. शेवटी अकरा वर्षांपूर्वीच्या बैठकीची टिपणवही मिळाली. त्यात सतरापुढे, खुद्द मास्तरांच्या अक्षरात, तीनच शब्द होते : ‘साहेब – राहू दे.’

सतरा नंबर म्हणजे पंख्याशिवाय थंड राहणारा संगणक. तळघरातल्या प्रयोगशाळेत एक संशोधक बाई दोन मदतनिसांना घेऊन अकरा वर्षं त्याच्या मागे लागल्या होत्या. त्यांना सगळे थंडाबाई म्हणत. निम्मं कामामुळे, निम्मं स्वभावामुळे. ‘अजून किती?’ असं विचारलं की त्या ‘चार वर्षं’ म्हणायच्या. अकरा वर्षांत हे उत्तर एकदाही बदललं नव्हतं. एवढा शब्दाला पक्का माणूस कंपनीत दुसरा नव्हता.

‘राहू दे’ म्हणजे ‘असू दे, चालू ठेवा’ असं धरून मास्तरांनी तेव्हा तक्त्यात ‘कायम’ लिहून टाकलं होतं. आता वहीकडे बघता बघता त्यांना जुन्या साहेबांचा हातही आठवला. माशी हाकलावी तसा हलला होता. आणि ‘राहू दे’ म्हणजे ‘नको, सोडा तो नाद’ असंही होतंच की! मास्तरांच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला तो थेट कमरेपर्यंत गेला.

घरी जेवताना बायकोने विचारलं, “चिवडत काय बसलाय? कोणी गेलं का?”

“अजून नाही.”

“मग जेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत झाला होता.

“अरे मास्तर! आहेस अजून?”

“मंगळवारपर्यंत तरी आहे, साहेब. सतरा नंबरच्या वेळी तुम्ही ‘राहू दे’ म्हणाला होतात. म्हणजे ठेवा, की सोडा?”

“कुठली बैठक? शिपाई तिसऱ्यांदा चहा घेऊन आला होता ती?”

“तीच.”

“मग ते त्याला म्हणालो होतो रे! चहा राहू दे. पित्त उसळलं होतं मला.”

मास्तरांनी टेबलाची कड धरली. “आणि सतरा नंबर?”

“त्यावर कोणी बोललंच नाही. मी चहा नाकारला, तू काहीतरी लिहिलंस, आणि अठरावर गेलास. मला वाटलं, तुझंच काहीतरी असेल.” साहेब मनापासून हसले. “घाबरतोस काय? कागद आण, आत्ता सही ठोकतो. तारीख तुझ्या आवडीची.”

मास्तर दोन दिवस त्या सहीचा विचार करत राहिले. खोट्या तारखेला छाती लागते, आणि त्यांची छाती तर जिना चढतानाच धडधडायची. शेवटी खरं बोलायचं ठरलं. त्याला प्रामाणिकपणा म्हणणं हा अन्याय होईल.

मंगळवारी लांबलचक टेबलाभोवती सगळे जमले. थंडाबाई खिडकीशी, हाताची घडी घालून बसल्या होत्या.

“सतरा?” मॅडमनी विचारलं.

मास्तरांनी टिपणवही पुढे सरकवली. “मंजुरी आहे, मॅडम. पण ती... चहाची आहे.”

“कशाची?”

त्यांनी सगळं सांगितलं, पित्तासकट. कोणी हसलं नाही. आधी मॅडम हसतात का ते बघायचं होतं, आणि मॅडम हसत नव्हत्या.

“म्हणजे हा प्रकल्प अकरा वर्षं नाहीच?”

“आहे, मॅडम. पण नाही.”

“जो नाही तो मी बंद कसा करणार?” मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “नवा म्हणून अर्ज करा. नव्या प्रकल्पाला नियमाने नव्वद दिवस. तेवढ्यात काही दिसलं तर पुढे बघू. नाहीतर तळघर मला हवंच आहे. अठरा?”

बैठक संपल्यावर मास्तर थंडाबाईंच्या मागोमाग जिना उतरले.

“बाई, घात केला मी तुमचा.”

“केलात.”

“रागावलात?”

“छे, नाचतेय. दिसत नाही का?” त्यांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं. कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रात पंखा घरघरत होता. “हा पंखा का चालू आहे, असं अकरा वर्षांत एकदा तरी विचारलंत?”

मास्तरांनी वाकून यंत्राच्या जाळीतून बघितलं. पंख्याशिवायच्या संगणकाला पंखा! त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

“छोट्या तुकड्यावर सगळं जमतं,” बाई म्हणाल्या. “अख्ख्या यंत्राचा पंखा काढायचा धीर होत नाही. जळलं म्हणजे? माझी चार वर्षं म्हणजे ही भीतीच. दर वर्षी नवी चार काढायची.” आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरासा हलला. “आता नव्वद दिवसांत भ्यायचं कधी? ती वायर धरा.”

“मी?”

“मग कोण, शिपाई?”

मास्तरांनी डोळे मिटून वायर ओढली. घरघर थांबली. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढू लागला. एकसष्ट. सत्तर. नव्वदच्या वर गेला की यंत्र आपोआप बंद पडणार, आणि नाही पडलं तर जळणार. दोन्ही मदतनीस भिंतीला टेकून उभे होते. अठ्ठ्याहत्तरवर आकडा बराच वेळ रेंगाळला. चौऱ्याऐंशी. एकोणनव्वद. मग एक्क्याण्णव, आणि खाटकन पडदा काळा झाला.

“गेलं,” मास्तर पुटपुटले.

बाईंनी घड्याळ बघून वहीत लिहिलं. “एकोणीस मिनिटं.”

“म्हणजे नापास?”

“साधं यंत्र पंख्याविना चार मिनिटांत मान टाकतं, मास्तर.”

मास्तर तिथल्याच स्टुलावर बसले. मघापर्यंत हे बंद पडेल म्हणून धडधडत होतं. आता कदाचित चालेल असं वाटू लागलं होतं, आणि धडधड दुप्पट झाली होती.

“उद्या येऊ का?” त्यांनी विचारलं.

“भ्यायला?”

“हो.”

“या. आठला सुरू करतो आम्ही.”