वातासुराचा वेत

सट्! वेत बसला तशी गर्दी ओरडली, "निघाला! निघाला!"

केरळातल्या कोल्लेंगोडच्या माळावर चात्तुण्णी गुरुक्कळ हा वैदू लोकांच्या अंगातला सांधेवात झोडपून काढत होता. "वातासुरा, फुकट बिऱ्हाड थाटतोस? चल, चंबूगबाळं उचल!" असं ओरडत पाठीवर वेत आणि वर चमचाभर काळं लेह्य, म्हणजे चाटण. ज्यांना भाताचा घास उचलवत नव्हता, ती माणसं दुसऱ्या दिवशी नारळ खोवत होती!

मालिनी वैद्य मागे उभी राहून बघत होती. तिच्या उपचाराला महिने लागत. एरंडेल, वाळूचा शेक, पथ्य आणि जोडीला इस्पितळाच्या गोळ्या. "चेची, ताई, तुझं औषध गोगलगायीचं गं," म्हणत तिच्याकडे येणाऱ्या कार्त्यायनीने वर्षापूर्वी ते सगळंच सोडून गुरुक्कळचं लेह्य धरलं होतं. आता तिचा चेहरा वाटोळा गरगरीत झाला होता, हातपाय काटक्या, अंगावर निळे डाग. लेह्य संपून चार दिवस झालेले.

तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि कोसळली.

"सोंग करतोय राक्षस!" गुरुक्कळने वेत हाणला. कार्त्यायनीने हात आडवा धरला. काडकन मनगट मोडलं.

मालिनी मध्ये घुसली. पुढचा फटका तिच्या कपाळावर बसला.

"हिचं दुकान बसलं ना, म्हणून पोटात दुखतंय!" कुणीतरी दगड भिरकावला. रक्त पुसत मालिनीने कार्त्यायनीला रिक्षात घातलं. तिच्या कमरेच्या रिकाम्या डबीला चिकटलेलं लेह्य तपासायला पाठवलं.

आठ दिवसांनी टाके घातलेल्या कपाळाने ती परत माळावर आली.

"गुरुक्कळ, आज पाच जणांना नुसता वेत द्या, पाच जणांना नुसतं लेह्य. बघू राक्षस कशाने पळतो!"

"खरंच की, द्या ना!" एक म्हातारी म्हणाली.

गुरुक्कळने उत्तर म्हणून वेत उगारला. कार्त्यायनीच्या नवऱ्याने, वेलायुधनने, तो हिसकून गुडघ्यावर मोडला.

"तपासणीत निघालंय, लेह्यात स्टेरॉइड कुटून घातलंय," मालिनी ओरडली. "त्याने सूज उतरते, पण वर्षभरात हाडं भुसभुशीत होतात. अचानक थांबलं की माणूस असा कोसळतो."

लोक गुरुक्कळवर तुटून पडले. त्याचं तोंड फुटलं. मालिनी पुन्हा मध्ये उभी राहिली.

"बास! त्याला पोलिसांकडे द्या. आणि ऐका, डब्या फेकू नका, घाबरून एकदम बंदही करू नका! डबीसकट इस्पितळात चला. डॉक्टर हळूहळू सोडवतील. आयुर्वेद असो की इंग्रजी औषध, देणाऱ्याला आधी विचारा, यात काय घातलंय? जो सांगत नाही, त्याच्या हातून पाणीसुद्धा घेऊ नका."