नाव घातलेल्या कात्र्या

उमापूरच्या समाजमंदिरात सकाळपासून खोक्यांचा पसारा मांडला होता. बीडच्या डॉक्टरांचं एक पथक आफ्रिकेतल्या मलावी देशात, बाळंतपणाच्या दवाखान्यात काम करायला निघालं होतं, आणि त्यात नर्स म्हणून सुकन्या होती. गावची पोरगी विमानात बसणार म्हटल्यावर उमापूर कसलं मागे राहतंय? बायका गॉजच्या घड्या घालत होत्या, बाप्ये खोक्यांना चिकटपट्टी लावत होते, आणि ज्यांना काहीच जमत नव्हतं ते सूचना देत होते.

सुकन्याचे वडील नाथा शेळ्या शेजाऱ्याच्या हवाली करून आले होते. खोकी उचलायची आणि चहा वाटायचा, ही कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली. पथकाच्या प्रमुख डॉ. योगिता मॅडम बीडहून आल्या, नाथांच्या हातून चहाचा कप घेतला आणि म्हणाल्या, "थँक्यू, मामा." आपल्याकडे चहा देणारा माणूस मामाच असतो, तो कुणाचा बाप असेल हे कोण बघतंय. सुकन्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या आबांच्या सदऱ्याला शेळ्यांचा वास येत होता आणि मॅडमच्या साडीची इस्त्री मोडलेली नव्हती. सावकाश सांगू, जेवताना सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं आणि घड्या मोजायला बसली.

इकडे नाथांचं सगळं लक्ष एका खोक्यावर. त्यात नाळ कापायच्या कात्र्या आणि चिमटे होते. सुकन्याने ते बीडहून आणून घरी खाटेखाली ठेवलं होतं. बाजारच्या दिवशी ती मावशीचा निरोप घ्यायला चकलांब्याला गेली, आणि नाथांनी खोकं उचलून थेट भांडेवाल्याकडे नेलं. त्यांचा विचार सरळ होता. नाव न घातलेलं पातेलं लग्नाला दिलं की परत येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग परमुलखात पोरीच्या वस्तूंना वाली कोण? भांडेवाल्याने मशीन चालवली आणि कात्रीच्या पात्यापात्यावर, चिमट्याचिमट्यावर बारीक अक्षरं कोरली: कु. सुकन्या नाथा, उमापूर. नाथांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं आणि खोकं गुपचूप होतं तिथं सरकवलं. पोरीच्या तोंडावरचा आनंद त्यांना सगळ्यांदेखत बघायचा होता.

खोकं मॅडमनीच उघडलं. एक कात्री उजेडात धरली, मग दुसरी, मग चिमटा.

"हे काय आहे, सुकन्या?"

बायकांचे हात थांबले. नाथा किटली घेऊन दाराशी उभे होते. ते आधीच हसायला लागले होते.

"तू नर्स आहेस ना? असं कोरलं की त्या रेघांत रक्त अडकून बसतं, गंज धरतो. मग कितीही उकळा. ह्याच्यानं नाळ कापली आणि बाळाला काही झालं, तर जबाबदार कोण?"

"मॅडम, मी..."

"तुझंच नाव आहे ना? लग्नातली भांडी आहेत का ही? एवढं ज्याला कळत नाही त्याला तिकडं नेऊन मी काय करू? दुसरी नर्स अजूनही मिळेल मला."

हे कुणी केलं ते सुकन्याला विचारावं लागलं नाही. घरात तांब्यापासून परातीपर्यंत एक भांडं बिननावाचं नव्हतं. तिला बापाचा राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि त्यात मलावी हातचं चाललं होतं.

"मी नाही केलं, मॅडम," ती म्हणाली. "गावातल्या कुणातरी अडाण्यानं केलंय. मला माहीतच नव्हतं."

हा अडाणी कोण, हे तिथं मॅडम सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या भिवराबाईंनी मान वर केली आणि काही बोलायला तोंड उघडलं. पण नाथाच आधी बोलले.

"व्हय मॅडम, गावातलाच हाय एक जण. लई अडानी हाय. पोरीला काईच ठावं न्हवतं, तिला नका बोलू. म्या सांगतो त्याला."

मॅडमचा राग निवळला. "नीट समजावून सांगा, मामा. चांगल्या मनानं केलं असेल बिचाऱ्यानं, पण दवाखान्यात असं चालत नाही. सुकन्या, नव्या कात्र्या बीडमध्ये घेऊ. चल, बाकीचं आवर."

खरं तर सुकन्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. आता तिला लाज वाटत होती ती स्वतःची, आणि ती काही केल्या गिळता येत नव्हती. अजूनही सांगता आलं असतं. मॅडम, हे माझे आबा आहेत, एवढंच तर म्हणायचं होतं. भिवराबाई तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. सुकन्याने गॉजची एक घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

नाथांनी किटली खाली ठेवली. कात्र्यांचं खोकं उचलून ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मॅडम जवळच होत्या.

"मॅडम," नाथा आपल्या पोरीला म्हणाले, "हे कुठं ठेवू?"

सुकन्याने बोटानं कोपरा दाखवला.