जवळ कोण होतं?

ऑफिसांच्या भागातल्या हॉटेलात रविवारी फारसं कोणी मुक्कामाला येत नाही. आठवडाभर तिथं बॅगांच्या चाकांचा खडखडाट आणि फोनवरची भांडणं. जो तो घाईत, आणि हसणंसुद्धा मिटिंगपुरतं. एकदा का हे टायवाले पांगले, की काउंटरवरच्या मुलीला जांभई द्यायला सवड मिळते. अशाच एका रविवारी दुपारी मास्तर कापडी पिशवी घेऊन काचेच्या दारातून आत शिरले आणि तिनं जांभई अर्ध्यावरच गिळली. मॅनेजरनं तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, की चौथ्या मजल्यावर वारलेल्या साहेबांचे वडील येणार आहेत.

मास्तर म्हणजे शिंपी. उभा जन्म मशीनवर वाकून गेला, त्यामुळे उभे राहिले तरी थोडे वाकलेलेच दिसत. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रयोगशाळांमधली यंत्रं बसवून द्यायचा. कामासाठी दर महिन्याला या शहरात यायचा आणि याच हॉटेलात उतरायचा. मागच्या खेपेला तो आला तो परत गेलाच नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले. ‘झोपेतच गेले, काही कळलंसुद्धा नाही,’ असं मॅनेजरनं फोनवर सांगितलं. कंपनीनं तेच सांगितलं. भेटायला आलेल्या नातेवाइकांनीही तेच घोकलं, जणू तेही तिथं हजर होते.

त्याच्या आईला मात्र ते पटलं नाही. तिनं अन्न जवळजवळ सोडलं होतं. रडायचीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मास्तर जवळ बसले की एकच विचारायची, “अहो, त्याच्या जवळ कोण होतं?” शेवटी एक दिवस म्हणाली, “तेवढं एक विचारून या. मग मी काही विचारणार नाही. द्याल ते खाईन.” म्हणून मास्तर आले होते. मुलगा गेला त्याच खोलीत एक रात्र राहायचं त्यांनी कंपनीमार्फत मागून घेतलं होतं. हात हलवत परत जायची सोय नव्हती.

आणि विचारायचं म्हटलं की यांची जीभ टाळूला चिकटलेली! काउंटरवरच्या मुलीनं पाणी दिलं, ते प्याले. तिनं पिशवी वर पाठवते म्हटलं, तर “नको नको, हलकी आहे,” म्हणून छातीशी धरली. मॅनेजर स्वतः बाहेर आला, दोन्ही हात जोडून उभा राहिला, “काका, काही लागलं तर निःसंकोच सांगा,” म्हणाला. मास्तर म्हणाले, “काही नको, तुमचं चालू द्या.” ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात, मास्तर त्यातलेच. माणूस सज्जन, पण भीड अशी, की भर बाजारात कुणी पायावर पाय दिला तर हेच माफी मागणार.

खोली नीटनेटकी होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण इथलं अंथरूण एवढं मोठं, की मास्तरांना त्याच्या कडेवर टेकायचाही संकोच वाटला. पडदे नवे होते. शिवण अजून बसली नव्हती. गादीही नवीच असावी. मुलाचं तिथं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. समोर ऑफिसांच्या इमारती, एकाही खिडकीत माणूस नाही. मास्तर टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले. कुणाला बोलवावं, कसं विचारावं, याची मनात जुळवाजुळव करत राहिले, आणि उन्हं कलली तरी उठले नाहीत.

दारावर टकटक झाली. चहाचा ट्रे घेऊन एक वेटर उभा होता. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा.

“मी मागवला नव्हता हो,” मास्तर गडबडून म्हणाले.

“ठाऊक आहे, काका. तुम्ही मागवणार नाही असं वाटलंच, म्हणून आणला.” त्यानं ट्रे ठेवला, पण तो गेला नाही. “बसू का जरा?”

तो पलंगाच्या कडेला बसला. गुडघ्यावरच्या रुमालाची घडी घालत, उलगडत राहिला. मग म्हणाला, “या खोलीत मी एक रात्र झोपलोय. आम्हा वेटर लोकांत रीत आहे. मॅनेजरला माहीत असतं, पण तो विचारत नाही. खोलीत कुणी वारलं की ती पुन्हा द्यायच्या आधी आमच्यातलं एकजण तिथं झोपतं. परक्या पाहुण्याला एकदम आत ढकलायचं नाही. एरवी कोण झोपणार यावरून वादावादी होते. या वेळी मीच म्हटलं, मी झोपतो.”

“तुम्हीच का?”

“कारण त्यांना शेवटचं मी पाहिलं.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. विचारायचं होतं ते आता विचारावंच लागणार नव्हतं, आणि आता ऐकायचं धाडस होईना.

“संध्याकाळी त्यांनी गरम पाणी मागवलं,” मिशीवाला सांगू लागला. “दार त्यांनीच उघडलं. घामानं शर्ट भिजलेला. म्हणाले, पित्त झालंय, जरा पडतो. मी म्हटलं, साहेब, डॉक्टरांना बोलावतो, पलीकडच्या गल्लीत राहतात, लगेच येतील. तर म्हणाले, ‘जेवायच्या वेळेला कशाला उठवता त्यांना?’ मी म्हटलं, मग मी बसतो इथं. हसले. म्हणाले, ‘तुमची सुट्टी व्हायची वेळ झाली ना? घरी वाट बघत असतील. जा तुम्ही.’ आणि माझ्यामागे दाराला पाटी लावली. ‘त्रास देऊ नये.’”

त्यानं रुमाल मुठीत घट्ट धरला. “आमच्याकडे पाटी म्हणजे पाटी, काका. ती दिसली की दार वाजवायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. सकाळी झाडणारी बाई आली, पाटी बघून पुढे गेली. दुपारी कंपनीतून फोनावर फोन आले तेव्हा दार उघडलं.”

“झोपेत गेला म्हणाले...”

“नाही. खुर्चीत होते. बूट घातलेले, एकाची नाडी सुटीच होती. स्वतःच खाली यायला निघाले असतील. फोन हाताशी होता. नुसता उचलला असता तरी आम्ही धावलो असतो.” त्यानं दाराकडे बघत आवाज खाली आणला. “मॅनेजर म्हणालेत, तुम्हाला सांगू नका. पण मला नाही राहवलं.”

मास्तरांना राग यायला हवा होता. पण शिव्या द्यायच्या त्या कुणाला? त्यांना दुकान आठवलं. मुलगा लहान होता, शाळेतून येताना पडला होता. मास्तर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. पोरगा बाकावर गुपचूप बसून राहिला. गिऱ्हाईक कापडाचा कीस काढून, गप्पा मारून गेलं, तेव्हा कुठं तो म्हणाला, “बाबा, हात दुखतोय.” हाड मोडलं होतं. आणि मास्तरांनी काय केलं? येईल त्याला कौतुकानं सांगितलं, “याला म्हणतात शहाणं पोर! हूं की चूं केलं नाही.” वर्षानुवर्षं सांगितलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मास्तरांनी ती घरात लेकीसारखी वाढवली होती.

त्यांनी मिशीवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्ही बसतो म्हणालात. तेवढं पुष्कळ आहे,” ते म्हणाले. मग खिशातून फोन काढला. वेटर उठू लागला, तर त्याला म्हणाले, “जाऊ नका. बसा.”

बायकोनं लगेच फोन घेतला. जणू हातातच होता.

“कळलं का हो?”

“कळलं. तुझा आवाज असा का येतोय?”

“काही नाही. सकाळपासून जरा गरगरतंय. मघाशी मोरीत तोल गेला, पण सावरले. पडून आहे. तुम्ही सांगा.”

“अगं, मग शेजारच्या वहिनींना हाक मार.”

“आज नको. त्यांच्याकडे पाहुणे आलेत, हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. कशाला उगाच त्रास द्यायचा त्यांना?”

मास्तर ताडकन उभे राहिले.

“दे!” ते ओरडले. जन्मात ते इतके मोठ्यानं बोलले नसतील. मिशीवालाही दचकून उभा राहिला. “त्रास दे त्यांना! ऊठ. भिंतीला धरून चाल. फोन बंद करू नकोस, मला ऐकू दे.”

“अहो, पण आधी सांगा ना. जवळ कोण होतं त्याच्या?”

मास्तरांनी डोळे मिटले. “कोणी नव्हतं. एक भला माणूस जवळ बसतो म्हणाला, डॉक्टरही आणतो म्हणाला. आपल्या पोरानं त्याला घरी पाठवलं. म्हणाला, कशाला उठवता कुणाला.”

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे पलंग करकरला. पावलं घासत गेली, थांबली, पुन्हा निघाली. कडी काढल्याचा आवाज आला. शेजारचं दार वाजलं ते आधी हळूच, बोटाच्या पेरानं, तिच्या नेहमीच्या सवयीनं.

आणि मग ती दोन्ही हातांनी ते दार बडवू लागली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडत होती, मोठमोठ्यानं, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशी.