झरणाचा होकार

साधी ओढणी घ्यायची तरी झरणा अहमदाबादचा अख्खा ढालगरवाड बाजार पालथा घालायची, आणि घरी येऊन न पाहिलेल्या दुकानासाठी हळहळायची. लग्नासाठीही तिने अकरा मुलं पाहिली. बारावा विरल. आठ महिने त्याच्याबरोबर हिंडली, त्याच्यावर जीव जडला, पण बाईसाहेब होकार देतील तर शपथ! उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, त्याच्या घरून पतंग उडवायला बोलावणं आलं तेव्हा आईने निक्षून सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत काय ते सांग. उद्यापासून त्याची आई दुसऱ्या मुली बघणार आहे."

विरल राहायचा त्या खाडियातल्या गच्च्या माणसांनी फुलल्या होत्या, कर्णे बोंबलत होते आणि वारा असा की पाय ठरेनात. विरलने आपल्या गच्चीवरच्या ढिगातला वरचाच पतंग उचलला.

"अरे, कलतोय तो! बाकीचे बघ तरी!"

"चिंधी बांधली की उडेल."

त्याने कोपऱ्याला चिंधी बांधली. पतंग सरसरत वर गेला. फिरकी धरून उभी असलेली झरणा मात्र अजून ढिगाकडेच बघत होती.

"विरल, माझ्याआधी किती मुली पाहिल्यास?"

"एकही नाही."

"म्हणजे मीही ढिगातली वरचीच?"

"हो, पहिलीच," तो वर बघतच म्हणाला. "पहिल्या दिवशी चहावाल्याशी भांडलीस, तिथेच आवडलीस. मग आणखी बघायचं कशाला? अजून भांडतेस, दुकानोदुकानी फिरवून पाय मोडतेस. तरी आवडतेस, त्याला काय करू?"

झरणाने सवयीप्रमाणे ते अकरा जण मनात ओळीने उभे करायला घेतले. चौघांची तर नावंही आठवेनात. तिला एकदम हसू फुटलं.

"विरल, ऐक ना!"

"आत्ता नको गं! पेच लागलाय. ढील दे, ढील!"

आठ महिने त्याला ताटकळत ठेवणारीला आता क्षणभर धीर निघेना.

"हो!" ती कर्ण्यांपेक्षा मोठ्याने ओरडली. "माझं हो आहे!"

विरल गर्रकन वळला. दोरा हातातून सुटला. समोरच्या गच्चीवर "लपेट! लपेट!" असा एकच गिल्ला झाला.

"मेल्या, कापला ना!" मागून त्याची आई करवादली.

"कापू दे!" विरल झरणाकडे बघतच राहिला. "काय म्हणालीस? परत सांग."

आणि झरणाने जराही विचार न करता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, परत सांगितलं.