उजव्या कानातली घंटी

मी एक जुना इअरबड आहे, उजव्या कानाचा. डाव्या कानाचा माझा भाऊ याच डबीत माझ्या शेजारी झोपतो. मित्रांनो, माझ्या अंगावर चरे पडले आहेत आणि बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते. पण माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता आणि तो मी पुसून काढला, याचा मला अजून अभिमान वाटतो.

एका लख्ख खोलीत, हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात शर्टाच्या गुंडीएवढा स्पीकर बसवला. माझ्यातून बारीक शिट्टी वाजवून तिने ती ऐकली, मान डोलावली आणि मला डबीत ठेवलं. त्या मान डोलावण्याला जागायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

तिथून मी मामांकडे आलो. मामा पत्र्याच्या कारखान्यात प्रेस चालवत. प्रेसचा दणकून ठोका पडला की सपाट पत्र्याचं झाकण तयार होई. ते तिथे कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांना नाद एकच, ऐकण्याचा. गाणं तारेशिवाय पाठवायचं तर आधी त्याची घडी घालावी लागते आणि कानाशी आल्यावर ती उलगडावी लागते. घडी घालायच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. घडी वाईट पडली तर गाणं चुरगळून पोचतं. मामांनी फोनला काडेपेटीएवढा ट्रान्समीटर लावला होता आणि एकेक कोडेक पारखून सर्वांत कमी चुरगाळणारा निवडला होता.

त्यांची एक आवडती वाद्यरचना होती. तिच्यात तिसऱ्या मिनिटाला, फक्त उजव्या बाजूला, एक बारीकशी घंटी वाजते. स्वस्तातल्या यंत्रांना ती पेलत नाही. दर रविवारी सकाळी मामा खुर्चीत डोळे मिटून बसत आणि घंटी वाजली की त्यांचं बोट आपोआप वर जाई. मित्रांनो, ते बोट हीच माझी शाबासकी होती. नंतर ते मऊ ब्रशने माझी जाळी साफ करत आणि मग चहाला उठत.

सहा वर्षं अशी गेली. एका रविवारी घंटी वाजली आणि बोट वर गेलं नाही.

मामांनी गाणं पुन्हा लावलं. मी जीव ओतून घंटी वाजवली. बोट हललं नाही. त्यांनी आधी कोडेक बदलला, नंतर ट्रान्समीटर. मग फोनमधला आवाजाचा तोल दर आठवड्याला थोडा थोडा माझ्याकडे सरकवू लागले.

"उजवा गेला," अखेर त्यांनी निकाल दिला.

"मी हाक मारते तेही तुम्हाला ऐकू येत नाही," मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मग मीही बिघडलेय का?"

मामांनी ते हसण्यावारी नेलं. मला आणि भावाला त्यांनी स्क्रूच्या खणात टाकलं आणि नवी जोडी आणली. चारच दिवसांत खणात त्यांचा आवाज आला, "हिचाही उजवा मुका आहे. हल्ली माल कसा काढतात कोण जाणे." ती जोडी तक्रारीसह परत गेली. मला खूप वाईट वाटलं. पण हार मानायची नाही, असंही मी ठरवलं. पुन्हा एकदा कानात जायला मिळालं, तर ती घंटी पूर्ण ताकदीने वाजवायची.

सुटीत मामांची लेक घरी आली. ती शिकायला दुसऱ्या गावी असे. स्क्रू शोधता शोधता तिने आम्हाला बाहेर काढलं, चार्ज केलं, मामांच्याच फोनला जोडलं आणि कानात घातलं.

"बाबा, उजवीकडे केवढा हा आवाज? तोल कुणी सरकवला?"

तिने तो मध्यावर आणला आणि ती रचना लावली. तिसऱ्या मिनिटाला तिचं बोट वर गेलं. लहानपणापासून बाबांना पाहून तिलाही ती सवय लागली होती.

"घंटी वाजतेय," ती म्हणाली.

"शक्यच नाही. तो इअरबड बाद आहे."

लेकीने मला मामांच्या डाव्या कानात धरलं, तिरकं, कारण मी त्या कानाच्या मापाचा नाही. घंटी वाजली. मामांचं बोट वर गेलं. ते वर गेलेलं त्यांचं त्यांनाच दिसलं आणि ते तसंच राहिलं.

"कारखान्यात आवाज अडवणारे ते इअरमफ घालता ना, दोन्ही कानांवर कप बसवून?" लेकीने विचारलं.

"घालतो की." मग जरा थांबून, "उजवा कप वर सारतो. प्रेस उजव्या हाताला आहे. साचा बोथट झाला की ठोक्यावरून कानाला आधी कळतं."

"किती वर्षं?"

"अठरा."

दुसऱ्या दिवशी मामा नको नको म्हणत असताना मामी आणि लेक त्यांना कान तपासायला घेऊन गेल्या. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं मात्र जपता येईल, असं तिथे सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामांनी मला स्वच्छ पुसलं, माझी माफी मागितली आणि आम्हा दोघांना कारखान्यात नेलं.

तेव्हापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. प्रेसवर नवा माणूस आला की मामा त्याला जेवणाच्या खोलीत बसवतात. कालच एक धिप्पाड गडी आला. पहिल्याच तासात त्याने कप वर सारला होता.

"ठोका ऐकावा लागतो ना, मामा."

मामांनी आम्हाला त्याच्या कानांत घातलं. तिसरं मिनिट आलं.

"घंटी ऐकलीस?"

"हो. उजवीकडे. बारीक आहे, पण गोड आहे."

"माझ्या उजव्या कानाला नाही येत ऐकू," मामा म्हणाले. "मीही ठोकाच ऐकायचो."

गड्याने मान खाली घातली. बाहेर पडताना त्याने दोन्ही कप नीट कानांवर बसवले.

मित्रांनो, मला धूळ लागू देऊ नका, माझा आवाज कमी ठेवा. पण मी मोडलो तर दुसरा मिळेल. कान मात्र दुकानात मिळत नाहीत. आजवर एकेचाळीस जणांना मी घंटी ऐकवली आणि बॅटरी आहे तोवर ऐकवणार. मामा आता माझा आवाज ऐकत नाहीत, समोरच्याचा चेहरा पाहतात. तो चेहरा उजळला की त्यांचं बोट वर जातं.